साठातली एक

सोलापुरी चादरीवरचा मोर कधी अगदी जवळून बघितलाय? लांबून त्याची मान छान गोल दिसते. डोळा वीतभर अंतरावर नेला की गोलाई संपते आणि पायऱ्या दिसायला लागतात. दोन धागे उजवीकडे, एक वर, पुन्हा दोन उजवीकडे, एक वर. नक्षी मागावर चढायच्या आधी ग्राफ पेपरवर बसवतात. एक चौकोन म्हणजे ताणा आणि बाणा एकमेकांना छेदतात ती एक जागा. चौकोन भरला तर एक रंग वर येतो, रिकामा ठेवला तर दुसरा. त्या कागदावरून पंचकार्डं, पंचकार्डांवरून ताण्याचे धागे उचलणारं जकार्ड, जकार्डवरून कापड. अर्धा चौकोन भरायची सोय कुठंच नाही, त्यामुळे मान कितीही मन लावून काढली तरी ती पायऱ्यांचीच होणार. इलाज एकच, धागा बारीक घ्यायचा आणि इंचात जास्त चौकोन बसवायचे. पायऱ्या जात नाहीत, फक्त डोळ्याला सापडत नाहीत.

संगणकात पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्डही याहून वेगळं काही करत नाही. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६०० चौकोन. फोरके म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. एटके म्हणजे ३ कोटी ३१ लाख ७७ हजार ६००. एका चौकोनाला एकच रंग. मात्र मागावरून एक चादर उतरायची आपण वाट बघतो आणि कार्डाकडून सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे साठ फ्रेम, मागतो.

गेममधले स्क्रीनशॉट जीव लावून काढणाऱ्याला त्या साठांतली एकच हवी असते. बघणाऱ्याला हे चटकन कळत नाही. अर्धा तास पडद्यावर एकच माणूस एकाच भिंतीपाशी उभा, आणि खुर्चीवरचा माणूस सूर्य इंच इंच सरकवतोय. घरातलं कुणीतरी दारातून विचारतंच, ‘गेम खेळलालास का झोपलालास?’ पण एक फ्रेम हवी म्हटलं की कार्डाचं सगळं गणितच बदलतं. खेळताना एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सावल्या, प्रतिबिंबं, धुकं, केस सगळं उरकायचं, म्हणून जिथं तिथं हात आखडता घेतलेला असतो. फोटोसाठी फ्रेम अर्ध्या सेकंदात आली काय आणि दीड सेकंदात आली काय, गेम थांबवलेला आहे, पात्र कुठं पळून जात नाही. खेळायला रडणारं कार्ड फोटोला चालतं. नव्या कार्डासाठी पैसे साठवत बसलेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

वेग नसला तर वाट बघून भागतं. कार्डावर मेमरी नसली तर भागत नाही. एटकेच्या एका चित्राला चौकोनामागे ४ बाइट धरले तरी सुमारे १३३ एमबी लागतात. आजकालची इंजिनं उजेडाचा हिशोब ८ बाइटांत ठेवतात, म्हणजे २६५ एमबी. आणि असं चित्र एकच नसतं. पृष्ठभागाचा रंग एका थरात, त्याची दिशा दुसऱ्यात, खडबडीतपणा तिसऱ्यात, कॅमेऱ्यापासूनचं अंतर चौथ्यात, मागच्या फ्रेमची आठवण पाचव्यात. सगळे थर मिळून एक-दोन जीबी सहज खातात, आणि हे टेक्श्चरांच्या, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या पृष्ठभागाच्या चित्रांच्या, वरचं. ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० वर फोरकेच्या पुढं जायचं म्हणजे टेक्श्चर एक पायरी खाली आणावं लागतं, आणि मग एवढे चौकोन कशासाठी वाढवले तेच कळत नाही. ८ जीबीवर बरेच गेम फोरके ते पाचके देतात. या छंदापुरतं बोलायचं तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० हे ८ जीबीच्या ३०६० टीआयपेक्षा चांगली खरेदी आहे, खेळायला दुसरं वेगवान असलं तरी. दुकानदार हे ऐकून हसेल, हसू द्या.

मेमरी भरली की काय होतं ते ओळखता यायला हवं. विंडोज उरलेला माल मदरबोर्डवरच्या रॅममध्ये ढकलतं. ती वाट अरुंद, म्हणून वीस फ्रेमवरचा गेम एकदम एका फ्रेमवर येतो. हे परवडलं. याच्या पुढं कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच, पडतो, पडदा काळा होतो आणि गेम बंद. पण कधी कधी मेमरी शिल्लक असूनही पडदा काळा होतो, त्याचं कारण वेगळं आहे. कार्डाने एका कामावर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला तर विंडोज समजतं की कार्ड अडकलं, आणि ड्रायव्हर परत चालू करतं. एका मोठ्या फ्रेमसाठी खरोखर तेवढा वेळ लागत असेल तर ही दक्षता अंगाशी येते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या कोठारात, ‘ग्राफिक्स ड्रायव्हर्स’ या जागी ‘टीडीआर डिले’ नावाची ३२ बिटांची नोंद करून आकडा ८ किंवा १० ठेवायचा आणि संगणक परत सुरू करायचा. त्याहून मोठा आकडा नको. खरंच अडकलेलं कार्ड मग मिनिटभर तसंच पडून राहतं.

आता धागा बारीक कसा करायचा ते. सगळ्यात सोपी वाट ड्रायव्हरमधली. कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१४ मध्ये डीएसआर आणलं, म्हणजे मॉनिटरपेक्षा मोठं चित्र काढून ते लहान करून दाखवायची सोय. दुसरी कंपनी एएमडी, तिचं तसंच व्हीएसआर त्याच वर्षी आलं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये थ्रीडी सेटिंगांत डीएसआर फॅक्टर्स उघडून ४.०० वर खूण केली की १०८०च्या मॉनिटरवरही गेमला ३८४० बाय २१६० चा पर्याय दिसतो. चार पट म्हणजे लांबीला दोन आणि उंचीला दोन, म्हणून चार चौकोनांचा सरळ एक होतो. १.७८ किंवा २.२५ निवडलं की हिशोब अपूर्णांकात जातो आणि बारीक रेषा थरथरल्यासारख्या दिसतात. ते आकडे डीएसआरच्याच मशीन लर्निंगवाल्या भावंडासाठी, डीएलडीएसआरसाठी ठेवावेत. खाली ‘स्मूथनेस’ म्हणून एक पट्टी असते आणि ती मुळात ३३ टक्क्यांवर असते. चार पटीला ती शून्यावर आणायची. यात एक गंमत अशी की हा स्मूथनेस फक्त मॉनिटरवर दिसतो. स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये मोठं चित्र जसंच्या तसं उतरतं. त्यामुळे पडद्यावर धूसर दिसलं म्हणून फोटो टाकून देऊ नका, आधी फाइल उघडून बघा.

दुसरी वाट हॉटसॅम्पलिंगची, आणि एकदा जमली की माणूस पहिलीकडे परत जात नाही. गेम बॉर्डर नसलेल्या खिडकीत चालवायचा. १०८० मध्येच निवांत हिंडून जागा, कोन, उजेड ठरवायचा. सगळं बसलं की एसआरडब्ल्यूई नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती खिडकी ५७६० बाय ३२४० करायची. खिडकी मॉनिटरच्या बाहेर वाहून जाते आणि डावा वरचा कोपराच दिसतो. घाबरायचं नाही. तीन-चार सेकंद थांबायचं, फोटो घ्यायचा, खिडकी परत लहान करायची. कार्डावरचा भार दहा-पंधरा सेकंदांचाच. इथं प्रिंट स्क्रीन चालत नाही, ते फक्त मॉनिटरवर दिसतं तेवढंच उचलतं. थेट गेमच्या चित्रावर बसणारं साधन हवं, म्हणजे गेमच्या चित्रावर प्रक्रिया करणारा रीशेड हा प्रोग्राम किंवा गेम विकणाऱ्या स्टीमचं एफ १२ बटण. खिडकी मोठी असताना माऊसचे क्लिक भलतीकडे पडतात, म्हणून फोटो मोडची, म्हणजे गेम थांबवून कॅमेरा फिरवू देणाऱ्या सोयीची, बटणं आधीच दाबून मेनू लपवून ठेवायचा. काही गेम आकार बदलू देत नाहीत, हट्टाने परत आधीच्या मापावर येतात. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही, तिथं डीएसआरच.

मोठं चित्र आलं की लगेच बटण दाबायचा मोह आवरायला हवा. बहुतेक नव्या गेमांत कडा गुळगुळीत करायचं काम मागच्या फ्रेमांवर चालतं. आठ-दहा फ्रेमांची साय एकावर एक धरते तेव्हा कडा सुधारते. कॅमेरा हलवून तत्क्षणी घेतलेल्या फोटोत खांद्यामागे पुसट सावलीसारखी शेपटी दिसते ती याचीच. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड मोजायची पद्धत, चालू असेल तर आणखी थांबा. कोपऱ्यातल्या अंधारात वाळूसारखे कण दिसतात, आणि दोन-तीन सेकंदांत ते निवळत जातात. सायबरपंक २०७७ मध्ये तर फक्त फोटो मोडपुरतं पाथ ट्रेसिंग, म्हणजे रे ट्रेसिंगचा आणखी जड प्रकार, चालू करायची वेगळी खूण आहे. खेळताना बंद, फोटोला चालू. गेम बनवणाऱ्यांनाही एका फ्रेमची गोष्ट कळली म्हणायची.

डीएलएसएस, म्हणजे लहान काढलेलं चित्र मशीन लर्निंगने मोठं करायची एनव्हिडियाची सोय, चालू असेल तर आपण नेमके किती चौकोन भरतोय ते तपासा. ‘परफॉर्मन्स’ला लांबी-रुंदी निम्मी होते, म्हणजे फोरके म्हणून काढलेलं चित्र आतून १०८०चंच. ‘क्वालिटी’ला दोन तृतीयांश. फोटोला डीएलएए ठेवा, ते चित्र लहान न करता फक्त कडा सुधारतं, किंवा सगळंच बंद. फ्रेम जनरेशन तर बंदच. दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कल्पनेने भरलेली फ्रेम नेमकी आपल्या हाती लागली तर बोटांचे सांधे आणि काठ्यांची टोकं विचित्र येतात. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, कडांना रंगीत झालर लावणारं क्रोमॅटिक अॅबरेशन, कोपरे काळवंडणारं व्हिनेट हेही सगळं बंद. ग्रेन हवाच असेल तर नंतर घालता येतो, आधी घातलेला काढता येत नाही. शार्पनिंगही शून्यावर, कारण चित्र लहान करताना ते आपोआप टोकदार होतं आणि वर आणखी धार लावली की कडेला पांढरी किनार येते.

एवढं तांत्रिक झालं तरी चित्र मेलेलं असू शकतं. लेन्स चुकली की हमखास मरतं. गेममधल्या एफओव्हीच्या, म्हणजे कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं त्या कोनाच्या, पट्टीवर अंश असतात, त्यांचं मिलिमीटरमध्ये भाषांतर करून डोक्यात ठेवलं की काम सोपं होतं. आडवा कोन ९० अंश म्हणजे १८ मिलिमीटरची लेन्स. ६० म्हणजे ३१. ४० म्हणजे ५०ची नेहमीची. २४ म्हणजे ८५, चेहऱ्यासाठी उत्तम. खेळायची सवय ९०ची, त्यामुळे नवखा माणूस त्याच कोनात चेहऱ्याजवळ जातो आणि नाक बटाट्यासारखं येतं. मागे सरका आणि कोन आवळा. काही गेमांत पट्टी उभा कोन दाखवते. तिथं ५९ दिसलं तर तेच आडवे ९० आहेत, १६:९ पडद्यावर. कोन फारच आवळला की दुसरं दुखणं सुरू होतं. बऱ्याच इंजिनांत लांबच्या वस्तू साध्या करायचा निर्णय अंतरावरून होतो, लेन्सवरून होत नाही. दूरचं झाड दुर्बिणीतून जवळ ओढलं की पानांऐवजी हिरवे पुठ्ठे दिसतात. कॅमेरा न्यायचा तर पात्रालाही सोबत न्या, कारण खूप गेम बारीक तपशील पात्राभोवतीच राखतात.

उभ्या रेषा बघायला शिकायचं असेल तर सोलापुरातल्या इंद्रभुवनसमोर जाऊन उभं राहावं. महापालिकेची ती इमारत नक्षीने इतकी भरलेली आहे की मान आपोआप वर जाते. मोबाइल वर तिरका केला की दोन्ही बाजूंचे खांब आत झुकतात, जणू इमारत मागे कलंडतेय. मोबाइल सरळ धरून मागे गेलं की खांब सरळ उभे राहतात, मात्र खाली रस्ता आणि गाड्या फार येतात. प्रत्यक्षात दोन मजले वर जाता येत नाही. गेममध्ये येतं! कॅमेरा न झुकवता उंच उचला, इमारतीच्या अर्ध्या उंचीवर आणा, आणि मग क्षितिजाला समांतर बघा. गेममधले पन्नास टक्के वास्तूंचे फोटो या एका चुकीने पडके दिसतात. हा आकडा मोजलेला नाही, वैतागातून आलाय.

उजेडाच्या बाबतीत आपलं गाव चांगला मास्तर आहे, निदान काय करू नये ते शिकवण्यापुरता. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच जिरते. त्या वेळी पार्क चौकातल्या कुठल्याही माणसाचा चेहरा बघा. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली काळी मिशी, कपाळ पांढरंफटक. गेममध्ये दुपारी बाराचा फोटो असाच येतो, आणि लोक कार्डाला दोष देतात. सूर्य क्षितिजावर १५ अंशांपर्यंत आणला की सावली वस्तूच्या पावणेचार पट होते. आपल्याकडे सूर्य मावळायच्या तासभर आधी जेवढा असतो तेवढा. ३० अंशांना ती पावणेदोन पटच. १५च्याही खाली नेला तर रंग सुंदर येतो, पण सावलीच्या कडा दातेरी होतात, कारण सावलीचं चित्रही चौकोनांचंच असतं आणि ते लांबवर ताणलं जातं. इथं स्क्रीनचे चौकोन वाढवून उपयोग नाही, सावल्यांचं सेटिंग वेगळं वाढवावं लागतं. धुक्याचंही तसंच. त्याचा दर्जा बऱ्याचदा स्वतःच्या ठरलेल्या मापाचा असतो, एटकेलाही ते तेवढंच जाड राहतं.

काही फोटो मोड वेळ बदलू देतात, काही फक्त गोठवतात. ज्यांत बदलता येत नाही तिथं संध्याकाळची वाट बघत पात्राला उभं करून ठेवायचं. तेवढ्यात चहा होतो.

सिद्धेश्वर तलावाच्या काठावर आणखी एक धडा मिळतो. पाणी शांत असताना मोबाइल हळूहळू खाली झुकवत न्यावा. मंदिर चौकटीतून वर निघून जातं, आणि पाण्यातलं मंदिर मात्र तसंच राहतं. यात विशेष काय, असं वाटेल. गेममध्ये हेच करून बघा. कॅमेरा खाली झुकवला की पाण्यातला मनोरा वरच्या टोकापासून विरघळायला लागतो, आणि खरा मनोरा चौकटीबाहेर गेला की प्रतिबिंबाच्या जागी नुसतं राखाडी आकाश उरतं. स्क्रीन स्पेस पद्धतीचं प्रतिबिंब पडद्यावर आधीच असलेल्या चौकोनांतूनच उसनं घेतलेलं असतं. पडद्यावर जे नाही ते पाण्यात येणार कुठून? रे ट्रेसिंगवालं कार्ड असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर जुनी युक्ती आहे. चौकट हवी त्यापेक्षा रुंद आणि उंच घ्यायची, वस्तू आणि प्रतिबिंब दोन्ही आत ठेवायची, हॉटसॅम्पलिंगने भरपूर चौकोन काढायचे आणि वरचा भाग नंतर कापून टाकायचा. ५७६० बाय ३२४० मधून वरचा तिसरा हिस्सा कापला तरी ५७६० बाय २१६० उरतं.

मागचं पुसट करणं, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, यात सगळे वाहवत जातात. गेममधलं हे पुसट करणं, म्हणजे बोके, अंतराच्या थरावरून नंतर फासलेलं असतं. काच, धूर, केसांची बारीक टोकं बऱ्याचदा त्या थरात नोंदवलेलीच नसतात. म्हणून चष्म्याची काच मागच्या भिंतीइतकी पुसट होते आणि कानाजवळच्या बटा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडचं दुखणं नेमकं हेच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या दिव्यांसमोर कुणाचा तरी पोर्ट्रेट काढून बघा, डोक्याभोवती तीच कडक किनार येते. खरी पुसटता हवी तर रीशेडवर एक वेगळा मार्ग आहे. फ्री कॅमेऱ्याचं साधन कॅमेरा एका छोट्या वर्तुळात शंभर-दोनशे जागी किंचित सरकवतं, दर जागी एक फ्रेम घेतं आणि सगळ्या एकत्र मिसळतं. लेन्सच्या छिद्रातून प्रकाश जसा येतो तसंच. एका फोटोला मिनिटभर लागतो, आणि त्या मिनिटात झाडाचं पान हललं तर ते भुतासारखं दिसतं, म्हणून वाराही थांबवता येणारा गेम हवा. यातलं कुठलंच साधन ऑनलाइन गेममध्ये वापरायचं नाही. चीट पकडणाऱ्या यंत्रणेला फोटोवाला आणि लबाड यांच्यातला फरक कळत नाही, खातं जातं.

आता सोलापुरातली खरी अडचण, ऊन आणि रुई. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर बसलेलं असतं. २५ अंशांच्या खोलीत ६८वर राहणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ढोबळमानाने ८३वर जातं, आणि एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांना ८३ला पोचलं की वेग आवरायला सांगितलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत हे रोजचं आहे. पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे फोटो मोडमध्ये ३० फ्रेमची मर्यादा घालणं. थांबलेल्या चित्रावर कार्ड उगाच १४० फ्रेम ओढत असतं, पंखे किंचाळत असतात, आणि आपण सूर्य सरकवत असतो. दुसरा उपाय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, ७५-८० टक्क्यांवर आणणं. फ्रेम जराशा कमी होतात, तापमान बरंच उतरतं. अंडरव्होल्टिंग, म्हणजे कार्डाचं व्होल्टेज उतरवणं, त्याहून चांगलं, पण ते छोट्या छोट्या पायऱ्यांनी, दर पायरीला अर्धा तास चालवून बघत करावं. घाईत केलेलं अंडरव्होल्टिंग खेळताना टिकतं आणि हॉटसॅम्पलिंगच्या उडीला कोसळतं.

ज्या भागात घरोघरी यंत्रमाग चालतात तिथल्या हवेत कापसाचा भुरा असतो. साधी धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते. भुरा आत जाऊन हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पत्र्यांवर अक्षरशः नमद्यासारखा जमतो, बाहेरून कार्ड स्वच्छ दिसतं आणि हवा मात्र पलीकडे जात नाही. पंखा जोरात फिरूनही तापमान उतरत नसेल आणि कार्डाच्या मागून येणारी हवा मंद असेल तर हेच समजा. सहा महिन्यांनी एकदा साफ करा, मागाच्या शेजारी असाल तर तीन महिन्यांनी. वीज बंद, कार्ड बाहेर, पात्याला बोट लावून ते धरून ठेवायचं आणि मग ब्लोअर मारायचा. पातं मोकळं सोडलं तर ते हवेने भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, त्याच्या नळीतून पाण्याचे थेंब येतात. नमदा घट्ट असेल तर पंख्याचं झाकण उघडून कोरड्या रंगाच्या ब्रशने तो पत्र्यांच्या दिशेतच ओढायचा, आडवा ओढला तर पत्रे वाकतात. चिपा आणि हीटसिंक यांच्या मधले थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे टाका. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड घातला की मेमरी थंड होते आणि चिप हीटसिंकपासून उचलली जाते, मग तापमान आधीपेक्षा वाढतं आणि माणूस पेस्टला शिव्या देत बसतो.

विजेचंही बघायला हवं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. १७० वॉटचं ३०६०, प्रोसेसर, मॉनिटर धरून आकडा तीनशेच्या आसपास जातो, आणि खिडकी मोठी केल्याक्षणी जो झटका बसतो त्याला यूपीएस कधी कधी हात टेकतो, लाइट असतानाही. नेमका फोटोच्या क्षणी संगणक बंद पडत असेल तर आधी यूपीएस काढून थेट लावून बघा, मगच कार्डावर संशय घ्या. आणि फोटो मोडमधली जागा गेम सेव्ह करत नाही. मनासारखी चौकट सापडली की आधी साध्या मापात एक घेऊन ठेवा, मग एटकेचे लाड.

फाइल पीएनजीच घ्या. स्टीमचं एफ १२ मुळात जेपीईजी देतं. सेटिंगमध्ये बिनदाब प्रत साठवायची खूण वेगळी करावी लागते. जेपीईजी सहसा रंगाची माहिती चार चौकोनांमागे एकदाच ठेवतं, त्यामुळे काळ्यावर लाल असेल तिथं कडा पाझरतात. लाल-काळी चादर जेपीईजीमध्ये बघितली तर विणकराला रडू येईल. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा मोड, चालू असताना घेतलेला फोटो साध्या फाइलमध्ये फिकट, पाण्यात धुतल्यासारखा येतो. सवय नसेल तर फोटोपुरतं एचडीआर बंद ठेवा. चित्र निम्मं करून, हवी असल्यास नखभर धार लावून, मगच पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून.

एनव्हिडियाने २०१६ मध्ये फोटोसाठी खास साधन आणलं तेव्हा त्याला अॅन्सेल अॅडम्स या छायाचित्रकाराचं नाव दिलं. नाव मोठं होतं, आणि अॅडम्सचं अर्धं काम डार्करूममध्ये, कागदावर व्हायचं हे बहुतेक वापरणारे विसरले. गेमचे फोटो पडद्यातच जन्मतात आणि पडद्यातच राहतात. एखादा तरी छापून बघावा. इंचाला ३०० ठिपके धरले तर फोरकेचं चित्र १२.८ बाय ७.२ इंचांचं होतं, एटकेचं २५.६ बाय १४.४. ए-थ्रीला फोरके थोडं अपुरं, पाचके पुरेसं. फ्लेक्सवाल्याकडे नको, फोटो पेपरवर छापणाऱ्याकडे जा, फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या आणि चकचकीतऐवजी मॅट कागद मागा. निऑनचे निळे-हिरवे शाईत उतरत नाहीत, ते मळकट होणार हे धरूनच चला. मॉनिटरमागे दिवा असतो, कागदामागे नसतो, म्हणून अंधारातले तपशील हमखास बुडतात. सगळं चित्र छापायच्या आधी सर्वांत काळोख्या भागाची चार इंच पट्टी कापून तेवढीच छापून घ्या, दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा, आणि काळ्यात काळं दिसत असेल तर सावल्या थोड्या उचलून दुसरी पट्टी मागा.